मोरीच्या काळजाचं तेल

साठ सालाच्या आसपास मी मुंबईच्या गिरणीतून क्षय घेऊन मालवणला परत आलो. तिथल्या इस्पितळात तीन महिने इंजेक्शनं झाली होती. पुढे वर्षाहून अधिक काळ रोज गोळ्या घ्यायच्या, कितीही बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, असं बजावून डॉक्टरांनी गावच्या सरकारी दवाखान्याच्या नावे चिठ्ठी दिली होती. गोळ्या मोठाल्या, एका वेळी मूठभर घ्यायच्या, आणि घेतल्या की पोट ढवळायचं.

माझी आई मासे विकायची आणि तिचा भरवसा मोरीच्या तेलावर. मोरी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क. तिचं काळीज मंद आचेवर कढवलं की पिवळं तेल सुटतं आणि त्याच्या वासाने शेजारी खिडक्या लावून घेतात. त्याच तेलाचा गाळ वडील होडीच्या फळ्यांना लावत. या घरात मला आणि होडीला औषध एकच, असं मी म्हणायचो. आईला हा विनोद कधीच आवडला नाही.

पहिल्याच आठवड्यात गोळ्यांवर तेल प्यायलो आणि सगळं ओकून टाकलं. आईने निकाल दिला की दोन औषधं एका पोटात नांदत नाहीत, डॉक्टरच्या गोळ्या उष्ण, त्या रक्त जाळतात, तेव्हा गोळ्या बंद. मी वाद घातला तशी ती जेवेना. दोन दिवस तिने पेजेला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, सोडल्या गोळ्या.

सोडल्या नव्हत्या. होडीचं सामान ठेवायच्या मांगरात, जुन्या जाळ्यांखाली, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. सकाळी जाळी सांधायला बसलो की त्यातल्या गोळ्या घ्यायच्या आणि संध्याकाळी आईसमोर नाक दाबून तेल प्यायचं. दर पंधरा दिवसांनी वाचनालयात पेपर वाचायला जातो असं सांगून दवाखान्यातून नव्या गोळ्या आणायच्या. आईचं मन राखलं आणि औषधही चुकवलं नाही, म्हणून मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

ताप गेला, खोकला गेला, भूक लागू लागली. आई दर महिन्याला मला सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याकडे नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं करायची आणि वजन वाढलं की ते बाजारभर सांगत सुटायची. तेलाने का, असं कोणी विचारलं तर माझ्या गालांकडे बोट दाखवायची. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणायची. तेलामागे लोक येऊ लागले. ती ते फुकट द्यायची आणि वर सांगायची की गोळ्या मात्र सोडा, माझ्या मुलानेही सोडल्या. यात ती एक अक्षरही खोटं बोलत नव्हती. खोटं सगळं माझं होतं.

एके दिवशी दवाखान्यातला कंपाउंडर गोळ्या बांधता बांधता म्हणाला की तारकर्लीचा तो तांडेल तीन महिने फिरकला नाही, तुमच्या आईच्या तेलावर आहे म्हणे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. हा माझ्याच वयाचा, माझाच आजार असलेला. गोळ्यांच्या रांगेत आम्ही एक-दोनदा पुढेमागे उभे राहिलो होतो. मी कंपाउंडरला काही बोललो नाही. घरीही बोललो नाही. पंधरा दिवस मी गप्प बसलो. त्या पंधरा दिवसांची मला आजही लाज वाटते.

मग तारकर्लीला गेलो. तो ओट्यावर बसला होता, छातीचा पिंजरा झालेला, पण चेहरा हसरा. बायको आतून आईने दिलेली बाटली घेऊन आली. मी त्याला खरं ते सांगितलं, की मी गोळ्या एक दिवसही सोडल्या नाहीत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या हातातलं तेल काढून घ्यायला आलो होतो.

"तुझी आवस खोटा सांगतली?" तो म्हणाला.

त्याचा विश्वास आईवर होता, तेव्हा सांगायचं तर आईनेच. मी घरी आलो. ती पाटावर बसून बांगडे साफ करत होती. तांडेलाची अवस्था तिला सांगितली आणि म्हटलं,

"आये, मी गोळये कधीच सोडूक नाय. रोज खाय होतंय, तुका कळाक नको म्हणान."

तिने हातातला बांगडा पुरता साफ केला, धुतला, टोपलीत ठेवला. मला वाटलं होतं ती चिडेल, नाहीतर रडेल.

"माझो मान ठेवलंस," ती म्हणाली, "आणि त्याचो जीव टांगून ठेवलंस."

तशीच उठली आणि तारकर्लीला चालत गेली. मी मागोमाग. त्याच्या अंगणात, शेजारीपाजारी ऐकत असताना तिने सांगितलं की आपला मुलगा तेलाने नव्हे, गोळ्यांनी बरा झाला, आपल्याला ते ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही उद्याच्या उद्या दवाखाना गाठा. बाजारात जिचा शब्द चालायचा तिने आपला शब्द मागे घेतला. मी तिथे मान खाली घालून उभा होतो.

तो दवाखान्यात गेला. पण मध्येच सोडलेलं औषध त्याला पुन्हा लागू पडेना, डॉक्टरांनी तसं सांगितलंही. शिमगा त्याने पाहिला, पाडवा नाही पाहिला.

माझ्या गोळ्या अजून पाच महिने बाकी होत्या. तांडेलाच्या घरून परतल्यावर आईने मांगरातला डबा स्वतः शोधून काढला आणि चुलीपाशी आणून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी मूठभर गोळ्या माझ्या हातावर ठेवायची आणि गिळून होईपर्यंत समोरून हलायची नाही. माझ्या वाट्याचं तेल सगळं होडीकडे गेलं.

तरी लोक येतच राहिले, कारण ऐकलेली गोष्ट कोणी विसरत नाही. आई त्यांना हाकलायची नाही. बाटली भरून हातात धरायची, पण द्यायची नाही.

"आधी गोळये दाखय," म्हणायची.