खांबापुढची शिळी भाकर

आमच्या गावात एसटीच्या थांब्यासमोर एक खांब होता. कागदोपत्री ते हुतात्मा स्मारक. गावात मात्र सगळे खांबच म्हणतात. खांबापाशी उतर, खांबापाशी थांब, दिवसभर खांबाला टेकून बसतो नुसता. त्याच्या शहाबादी फरशीवर पाच नावं कोरलेली होती. निजामाच्या राज्यातून सुटण्याच्या लढ्यात गावची पाच पोरं एकाच दिवशी गेली, त्यांची. लहानपणी ती नावं मला पाढ्यासारखी पाठ होती. पाढ्यातल्या आकड्यांना जसे चेहरे नसतात, तसे त्या नावांनाही नव्हते.

दर सर्वपित्री अमावास्येला सगळं गाव आपापल्या पत्र्यावर पितरांचा घास ठेवायचं, तेव्हा माझी आत्या पदराखाली फडकं घेऊन खांबाकडे जायची. फडक्यात आदल्या दिवशीची ज्वारीची भाकर आणि वर लाल मिरचीचा ठेचा. खीर नाही, वडे नाही, कढी नाही. चौथऱ्यावर भाकर ठेवून ती कडुलिंबाखाली बसायची आणि कावळ्यानं तोंड लावल्यावरच उठायची. बायका तिची थट्टा करत.

"पितराला शिळं वाढतीस व्हय गं? वर्सातून एकदा येतेत बिचारे."

"माज्या पितराला चालतंय," आत्या म्हणायची.

पण त्या पाचांपैकी आमच्या घरचा एकही नव्हता. आत्या लग्न होऊन उमरग्याच्या बाजूला गेली होती. नवरा गेल्यावर तरुणपणीच माहेरी परतली, आणि माझी आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी पुढे कळंबला बरीच वर्षं इतिहास शिकवला. लहानपणी विचारलं, शिकताना विचारलं, शिकवायला लागल्यावर तर वही-पेन घेऊन विचारलं, की ही भाकर कुणासाठी. दरवेळी एकच उत्तर. "ज्याला ठेवायची त्याला ठेवते. तू तुज्या शाळेचं बघ."

गेल्या पौषात आत्या गेली. शेवटच्या आठवड्यात तिचं बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "अमावशेची भाकर चुकवू नको."

"कुणाच्या नावानं ठेवू?"

तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "शिळी ठेव. ताजी नको."

घास ठेवताना ज्याच्यासाठी ठेवायचा त्याचं नाव घ्यायचं असतं. नाव न घेता ठेवलेला घास कुणालाच पोचत नाही, हे मला आत्यानंच शिकवलेलं. आणि तीच मला बिननावाची भाकर देऊन गेली. तिच्या जाण्याचं दुःख मला झालं, पण त्याच्याच शेजारी एक चिडचिडही येऊन बसली आणि हलायला तयार होईना. इतकी वर्षं मी तिच्याच हातचं जेवलो. एक नाव सांगितलं असतं तर काय झालं असतं?

पितृपक्ष जवळ आला तसा मी बायकोला घेऊन गावी जाऊन राहिलो. बायको म्हणाली, "वर्षाच्या आत घरात पितरांचं काही करायचं नसतं. यंदा पान नाही, घास नाही."

"घरात नाही करायचं. खांबाला ठेवायची आहे."

"कुणाच्या नावानं?"

"ते आत्यानं सांगितलं नाही."

"जन्मभर पोरांना इतिहास शिकवलात," ती म्हणाली, "आणि घरातल्या बाईचा ठाऊक नाही."

खांबाशी गेलो तर खांब नव्हता. नवं स्मारक उभं राहत होतं. काळा ग्रॅनाइट, भोवती स्टीलचं रेलिंग, खाली चकचकीत फरशी. लिंब तोडला होता. रस्त्यावरून स्मारक दिसत नव्हतं म्हणे. उपसरपंच कामावर उभे होते. फरशीवरच्या पहिल्या नावाचे ते नातू. मी त्यांना आत्याच्या भाकरीचं विचारलं.

"सर, त्यात विचारायचं काय? आमच्याच आजोबाला ठेवायच्या. लई मान होता त्यांचा."

"आत्या तसं म्हणाली होती का कधी?"

"म्हणायला कशाला पाहिजे? पहिलं नाव कुणाचंय?"

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या नावाच्या पुतण्याकडे गेलो. म्हातारा गोठ्यात बसला होता. त्याचंही ठाम मत, की भाकर त्याच्याच चुलत्याची. मी विचारलं, तुमचे चुलते कसे होते? उंच होते का, चिडके होते का, गायचे का? म्हाताऱ्यानं घसा साफ केला आणि सुरू झाला, "मातृभूमीच्या रक्षणासाठी प्राणाची पर्वा न करता…" मी हात जोडले. बाबा, ते नको. दिसायला कसे होते तेवढं सांगा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या गाईचं आडनाव विचारलं होतं. "हुतात्म्यासारखे होते," तो म्हणाला.

उरलेल्या तिघांपैकी दोघांची घरं गावातून उठून गेली होती. उरलेल्या एका घरात फोटोला हार होता, आणि फोटो बाजारात मिळणाऱ्या कुण्या फेटेवाल्याचा होता. जिथे जावं तिथे सतरा सप्टेंबरचं, मुक्तिदिनाचं भाषणच ऐकायला मिळे. ते भाषण मीही लहानपणापासून ऐकत आलो. बोलणारे बदलले, शब्द बदलले नाहीत. शेवटचं वाक्य तर सगळ्यांना पाठ: गावच्या मायमाउल्यांनी पाठवलेली भाकर पोटभर खाऊन, तृप्त मनानं ते पाचजण मृत्यूला सामोरे गेले. मग टाळ्या. आत्या दरवर्षी झेंडावंदनाला यायची आणि बरोबर त्या वाक्याच्या आधी उठून जायची. "गुडघे धरलेत," म्हणायची. मला ते खरंच वाटायचं. कंटाळा तर मलाही यायचा.

आत्याची एक बालमैत्रीण उमरग्यात असते, याची मला बायकोनं आठवण करून दिली. तेराव्याला निरोप पाठवला होता, पण म्हातारीला प्रवास झेपला नव्हता. मी एसटीनं गेलो. हायवेच्या कडेला नातवाचं पंक्चरचं दुकान, मागे तिची खोली. बाहेर ट्रकांची घरघर चालू होती. ती बाजेवर बसून शेंगा फोडत होती. आत्याचा भाचा म्हटल्यावर तिनं माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं.

"यव्वा! नाक तिचंच हाय की रे. बस. मास्तर झालास म्हणं. मंग असा वाळलास कशानं?"

मी भाकरीचं विचारलं. तिचे हात थांबले.

"ठिवायची का ती अजून?"

"शेवटपर्यंत. मावशी, ती कुणाला ठेवायची? पाचांतल्या कुणाला?"

"कुणाला म्हंजी? पाचायलाबी." मग तिनं शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "तुला सांगितलंच न्हाय व्हय तिनं?"

मग तिनं सांगितलं. ती पाच पोरं तेव्हा गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे लपलेली असत. मोठी माणसं दिसली तर संशय यायचा, म्हणून भाकरी न्यायला पोरींना पाठवत. शेण गोळा करायचं निमित्त. टोपलीत खाली भाकरी, वर शेण्या, म्हणजे गोवऱ्या. या दोघी मैत्रिणी जायच्या. आत्या तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल.

"त्या दिशी ओढ्यापतोर गेलो आन् गावाकडनं वरडा ऐकू आला. रजाकाराची धाड पडली होती. आमी ज्वारीत शिरलो. ज्वारी डोक्याच्या वर गेल्याली. म्होरं जावावं तर भ्या, माघारी जावावं तर भ्या. बसलो. सकाळची दुपार झाली. तुजी आत्या लई भित्री. रडंना पन, तोंड दाबून बसली. मंग म्हनली, भूक लागली गं."

बाहेर कुणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. म्हातारी थांबली, आवाज संपल्यावर पुन्हा बोलू लागली.

"घरी तरी आमाला कुठं पोटभर मिळायचं? कुठलं शेण आन् कुठलं काय. आदी येक मोडली. म्हनलं, चार ऱ्हायल्या तरी पुरतेत त्यायला. मंग आनखी येक. ठेचा बोटानं पुसून खाल्ला. सांजच्याला टोपल्यात काय बी न्हवतं."

"आणि ते पाचजण?"

"सांजच्यालाच गेले की. ओढ्यातच. आदल्या दिशीबी काय पोचलं न्हवतं म्हनं त्यायला. ज्या बाईनं आंघूळ घातली ती सांगायची, पोटं पार पाठीला लागली होती." तिनं एक शेंग उचलली आणि न फोडता परत ठेवली. "घरी इच्यारलं, दिल्या का गं भाकरी? तुजी आत्या म्हनली, दिल्या. म्याबी म्हनलं, दिल्या. झालं. गाव रडत होतं, पन म्हनायचं, लेकरं जेवून तर गेली."

म्हणजे भाषणातलं ते वाक्य दोन घाबरलेल्या पोरींच्या एका शब्दावर उभं होतं. आणि आत्यानं ते दरवर्षी लाऊडस्पीकरवरून ऐकलं.

"तुम्ही नाही ठेवत भाकर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

तिला राग आला नाही. "माजं लगीन झालं, इकडं आले. इकडं येगळी बोली, येगळी मानसं, सासू वाघीन. इसरले म्या. तिला उलट माघारी यावं लागलं. रोज उठून दारातनं खांब बघायचा. कसं इसरंल ती?" मग माझ्या पाठीवर थोपटून म्हणाली, "त्यायची नावं सांगू का? कोन कसं होतं ते? एक जन तर लई खोडकर. शेण्या तोलून म्हनायचा, पोरी, आज ओल्या आनल्यास. एक जन भाकर खाताना डोळं मिटायचा." त्या दोघांची नावं तिनं सांगितली. फरशीवरची दुसरी आणि पाचवी. ज्यांची घरं गावातून उठून गेली होती, तीच.

परतीच्या एसटीत मी काहीही वाचू शकलो नाही.

गावात पोचलो तर ग्रॅनाइटची पाटी आली होती. पाच नावं, आणि खाली सोनेरी अक्षरांत तेच वाक्य. मायमाउल्या, पोटभर, तृप्त मनानं. कोरणारा कळंबहून आला होता, शेवटची अक्षरं रंगवत होता. मी उपसरपंचांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, हे वाक्य काढता येईल का? नुसती नावं राहू द्या.

"का बरं सर?"

का, ते सांगायचं तर आत्याला गावासमोर उभं करावं लागलं असतं. तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी म्हणालो, "कदाचित ते उपाशी असतील त्या दिवशी. नक्की कुणाला माहीत?"

उपसरपंच हसले, मग त्यांचं हसू मावळलं. "सर, काहीबाही बोलू नका. हुतात्मे उपाशी होते म्हणजे गावानं जेवू घातलं न्हाय, असा अर्थ निघतो त्याचा. पाहुण्यासमोर इज्जतीचा प्रश्न हाय. आन् ती भाकर काढली तर भाषणात राहतंय काय?"

"माणसं राहतील."

"माणसं हायतच की, पाच," ते पाटीकडे बोट दाखवत म्हणाले.

पितृपक्षात उद्घाटन नको, असं दोन म्हाताऱ्यांनी सुचवून पाहिलं. हुतात्म्यांना कसला पितृपक्ष, म्हणून ते झालं. सतरा तारखेला पाहुणे आले, भाषण झालं, वाक्य आलं, टाळ्या पडल्या. आत्या जिथून उठून जायची तिथे मी बसलो होतो. मी उठलो नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत. माझ्या शेजारच्यानं माझ्याकडे पाहिलं, एवढाच माझा निषेध.

अमावास्या चार दिवसांवर होती. आदल्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, किती थापू? मी तिला सगळं सांगितलं होतं. "पाच," मी म्हणालो. तिनं सात थापल्या. शेवटच्या दोन जरा लहान, पोरींच्या हातात मावतील एवढ्या.

सकाळी फडकं घेऊन गेलो तर रेलिंगच्या फाटकाला कुलूप. किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक तालुक्याला, आणि रविवार. थांब्यावरचा एकजण म्हणाला, "सर, आत तेलकट काय ठिवू नका, फरशी डागाळते म्हणून कुलूप लावलंय." मी गजांतून हात घालून पाच भाकरी आत सरकवल्या, जेवढा हात पोचला तेवढ्या लांब. पाचही नावं घेतली. खोडकराचं घेतलं, डोळे मिटणाऱ्याचं घेतलं. उरलेल्या तिघांबद्दल मला अजूनही काही ठाऊक नव्हतं, त्यांची नुसती नावं घेतली.

मग कावळ्याची वाट पाहत बसलो. लिंब तोडल्यापासून तिथे कावळा बसायला जागाच नाही. दोन एसट्या येऊन गेल्या. ऊन वर चढलं, ग्रॅनाइट तापलं, सोनेरी अक्षरांकडे बघवेना. कावळा घासाला शिवल्याशिवाय आपण काही खायचं नसतं, म्हणून मी सकाळपासून चहाही घेतला नव्हता. दुपार झाली. मी साठी ओलांडलेला माणूस, घर दोनशे पावलांवर, आणि भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी येत होती. फडक्यात दोन भाकरी उरल्या होत्या. त्यांच्याकडे मी सकाळपासून पाहिलंही नव्हतं.

कावळा आला नाही. मी फडकं उघडलं. आधी एक मोडली. शिळी भाकर ठेच्याबरोबर किती चांगली लागते, हे मी विसरूनच गेलो होतो. मग दुसरीही खाल्ली. फडक्याला लागलेला ठेचा बोटानं पुसून घेतला आणि घरी गेलो.

दारात बायकोनं विचारलं, "दिल्या का भाकरी?"

"दिल्या," मी म्हणालो.