मामाजींचं मुकं मांजर

आमची मांजर माझ्याशी जेवढं बोलते तेवढं माझा नवराही बोलत नाही. सकाळी मी ओट्याशी उभी राहिले की तिचं सुरू होतं. दूध हवं असलं की आखूड, तोडून टाकल्यासारखं म्याँव. दार उघडून हवं असलं की लांबलचक. नवऱ्याशी बोलताना तिचा सूर लाडात येतो, कारण तो लवकर विरघळतो. शेजारचा बोका भिंतीवर येऊन बसला तर मात्र दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहतात. भांडण झालंच तर गुरगुरतात, पण म्याँव म्हणत नाहीत. म्याँव ती माणसांसाठी राखून ठेवते, आणि तेही जो ऐकेल त्याच्यासाठीच.

हे मला मामाजींमुळे कळलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. सेलूच्या बाजारात मेथीच्या न् सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकण्यात त्यांची हयात गेली. त्यांची आरोळी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची. कान गेले तसा आवाजही उतरला. आता ते घरापुढच्या छपरीत खाटेवर बसून असतात. मांजर नवी होती तेव्हा त्यांच्यापुढे बसून घसा बसेस्तोवर ओरडायची, आणि ते रस्त्याकडे बघत राहायचे. मग तिने नाद सोडला. सरळ खाटेवर चढून त्यांच्या गुडघ्याला डोकं घासायची, पंजाने हात ओढायची, फार तर बिनआवाजी तोंड उघडून दाखवायची. मामाजी पोळीचा तुकडा दुधात बुडवून द्यायचे.

"हे मांजर मुकं हाय," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "बिचाऱ्याले देवानं वाचाच नाई देली."

आम्ही हसायचो. ते मुकं नाही हे त्यांना सांगायचं तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं असतं, आणि एवढ्याशासाठी कोण ओरडणार? आमचंही मांजरीसारखंच झालं होतं. चहाचा पेला समोर ठेवून मी त्यांच्या खांद्याला हात लावायची. जेवायला बोलवायचं तर नवरा बोटं तोंडाशी नेऊन नुसते ओठ हलवायचा. अंघोळ, औषध, झोप, सगळ्याला खुणा होत्या. घर बिनबोभाट चाललं होतं.

मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याने त्यांना वर्ध्याला नेऊन कानाची मशीन बसवून आणली. मामाजी लहान पोरासारखे हरखले. कुकरची शिट्टी, नळाची धार, कावळा, ज्याचा त्याचा आवाज ते मला सांगत होते. मग स्वयंपाकघरात मांजर ओरडली.

"कोनाचं मांजर घुसलं वं सुनबाई?" ते दारात आले. आमचीच मांजर माझ्या पायांशी दूध मागत होती. ते वाकून तिच्या तोंडाकडे बघू लागले. "हे बोलते?"

त्यानंतर त्यांना दुसरा उद्योगच उरला नाही. दुधाची वाटी हातात धरून मांजरीला समोर बसवायचे. "बोल न वं. मले आता आयकू येते. एक डाव म्हन." मांजर गुडघ्याला डोकं घासायची, मनगट ओढायची. वाटी वर उचलली तर तोंड उघडायची, पण आवाज नाही. तिच्या लेखी हा माणूस बहिराच होता. मला तिचा इतका संताप आला की एकदा झाडूने हाकललं. ती ओट्याखाली शिरून माझ्यावरच ओरडली, आणि मामाजींनी ते ऐकलं.

निदान आपण तरी बोलावं म्हणून मी चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसले. "मामाजी, चहा," एवढंच निघालं, तेही किंचाळल्यासारखं. ते दचकले आणि त्यांनी कानावर हात दाबला. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी पेला ठेवून पुन्हा खांद्याला हात लावला.

एका संध्याकाळी नवरा शेतातून आला तेव्हा ते खाटेवर वाट बघत होते. मी लसूण सोलत होते.

"बाबू, हे मशीन वर्ध्याले परत देऊन येजो," ते म्हणाले. "हिच्यात खोट हाय. सारं आयकू येते. मांजर सुनबाईसंग बोलते थे येते, तुमी दोघं बोलता थेबी येते. पन माह्यासंग कोनी बोललं का नेमकी बंद पडते. तोंड हालताना दिसते, आवाज नाई."

नवरा दमला होता. त्याने पायातल्या चपला काढता काढता त्यांच्याकडे बघितलं, हात आडवा हलवला आणि नुसत्या ओठांनी सांगितलं, परत घेत नाहीत.

"पाह्य सुनबाई, आताबी बंद पडली," मामाजी म्हणाले, आणि मशीन कानातून काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.