पंधरा रुपयांचा प्रवासी

आमच्या घरमालकांना बसलेलं पाहिलंय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या वसमतमध्ये सापडला नसता. नव्वदच्या दशकात मला हट्ट्याच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली आणि आम्ही वसमतला त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पहिल्याच दिवशी बायकोने दबक्या आवाजात विचारलं, "यांच्या घरात खुर्ची नाही का हो?" खुर्च्या होत्या. एकीवर पापडांचा डबा, दुसरीवर इस्त्रीचे कपडे आणि तिसरीवर रेडिओ होता. मालक एस.टी.त कंडक्टर होते. वसमत, शिरड शहापूर, औंढा, हिंगोली आणि परत, असं त्यांचं सगळं आयुष्य उभ्याने गेलेलं. कंडक्टरलाही एक सीट असते, हे मी एकदा भीतभीतच सुचवलं होतं. "ती लेकुरवाळ्या बाईची असते, मास्तर. कंडक्टर बसला की सारी गाडी पेंगून राहती," ते म्हणाले. पुढे ते रिटायर झाले, पण गाडी डेपोत लागली आहे हे त्यांच्या पायांना कुणी कळवलंच नाही.

ते जेवायचे स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभं राहून, ताट डाव्या हातावर पेलून. लग्नात पंगतीला बसायची वेळ आली की चटकन वाढप्याच्या हातातली बुंदीची परात घ्यायचे आणि "पुढं सरका, मागं जागा हाय" असं म्हणत अख्खा मांडव उरकायचे. न्हावी त्यांच्या मागे मागे फिरून केस कापतो, अशी एक आख्यायिका गल्लीत होती. मी ती खोटी मानायला तयार नाही. संभाषण संपलं की ते समोर येईल त्या वस्तूवर बोटांनी दोनदा टकटक करत. दार, कपाट, माझा खांदा, काहीही. दोनदा घंटी म्हणजे गाडी पुढे. एकदा माझ्या सासऱ्यांच्या पाठीवर त्यांनी अशी घंटी मारली. सासरे बिचारे खरोखरच उठून पुढच्या खोलीत गेले.

पण सगळ्यात छळणारी सवय वेगळीच होती. ते प्रश्न विचारत आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत निघून जात. "मास्तर, पोरगी आजारी होती म्हणे, काय झालं?" असं विचारायचे, आणि मी "ताप..." म्हणेपर्यंत दोन घरं पुढे गेलेले असायचे. त्यांची बायको, आमच्या वहिनी, होत्या तोवर उरलेलं उत्तर त्या ऐकून घेत आणि रात्री त्यांना सांगत. वहिनी गेल्या आणि आमची अर्धी उत्तरं अंगणातच पडून राहू लागली.

त्यांचा एकुलता एक मुलगा पुण्याला एका कंपनीत होता. आईच्या दिवसांना तो आला तेव्हा घर, कागदपत्रं, बँकेचं खातं सगळं नीट लावून गेला. नंतर हट्टाने वडिलांना पुण्याला घेऊन गेला. चौथा मजला. मालक सकाळपासून या खिडकीतून त्या खिडकीकडे येरझाऱ्या घालायला लागले. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन आले. मुलगा वैतागून म्हणाला, "दादा, एका जागी बसा ना जरा." झालं. मालकांनी पिशवी उचलली आणि कुणाला न सांगता नांदेडची गाडी धरली. मुलगा दिवसभर पुणं पालथं घालत होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात त्याचा फोन आला, दोघांनी एकमेकांना नको ते ऐकवलं, आणि त्यानंतर दोन वर्षं बापलेकांत एक अक्षर नाही. मी विषय काढला की मालक म्हणायचे, "तो तिकडं, आमी इकडं. दोघायच्या बी गाड्या टायमात हायेत." आणि टकटक.

अशा माणसाच्या पासबुकात ती नोंद निघाली.

पेन्शन काढायला गेले असताना त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदाच पासबुक छापून आणलं आणि भर उन्हात माझ्या दारात येऊन उभे राहिले. "मास्तर, हा पंधरा रुपयांचा प्रवासी कुठं चढला?" मी चष्मा लावला. पंधरा रुपये वजा, आणि त्यापुढे शाई संपत आलेल्या छपाईतली इंग्रजी अक्षरांची तुटकी शेपटं. मागची पानं उलटली तर दर तीन महिन्यांनी तोच प्रवासी हजर. रक्कम म्हणाल तर किरकोळ. पण सबंध नोकरीत मालकांच्या हिशोबात एका तिकिटाची तफावत निघाली नव्हती, आणि आता दोन वर्षं कुणीतरी त्यांच्या गाडीत फुकट बसून चाललं होतं. त्यांचं जेवण गेलं. आमचीही झोप गेली, कारण आता ते पहाटे अंगणात फिरता फिरता मोठ्याने तपास करत.

आधी संशय पेपरवाल्यावर गेला. मग केबलवाल्यावर. मग वाचनालयाच्या खजिनदारावर, ज्याने फार पूर्वी त्यांना आजीव सभासद करून घेतलं होतं. खजिनदाराने शपथ घेतली. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारे चाचा मशीन थांबवून म्हणाले, "अरे भाई, बैंक में जाकर पूछो ना, मेरे कू क्या पूछ रहे?" तोवर मालक केबलवाल्याकडे दुसऱ्यांदा पोहोचलेही होते. शेवटी मीच शाळेतून अर्धी रजा टाकली आणि त्यांना बँकेत घेऊन गेलो. तेवढी रजा माझ्या झोपेच्या मानाने स्वस्त होती.

काउंटरवरच्या बाई शांत होत्या. त्यांनी संगणकात पाहिलं. "आजोबा, ही मोबाईलवर मेसेज यायची सोय आहे. खात्यात पैसे आले किंवा गेले की लगेच मेसेज जातो. त्याची ही तिमाही वर्गणी."

"माझ्यापाशी मोबाईलच न्हाई."

"पण खात्याला नंबर जोडलेला आहे ना. अर्जावर तुमची सहीसुद्धा आहे. थांबा, कुणाचा नंबर आहे ते बघून..."

"गाडीत आमी बसलोच न्हाई अन् तुमी तिकीट फाडून राहिलात, हे बराबर हाय का बाई? बंद करा. कुठं सही करायची?"

"अहो मालक, नंबर कुणाचा तेवढं तरी ऐकून घ्या," मी म्हणालो. पण अर्ज लिहून झाला होता, सही झाली होती, काउंटरवर टकटक झाली होती आणि मालक फाटकाबाहेर पडले होते. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. दुसऱ्याच्या खात्याचं मला काय सांगणार त्या? मागची रांगही कुरकुरत होती. मी निघालो. त्या संध्याकाळी मालकांनी गल्लीभर पेढे वाटले, खजिनदाराला दोन दिले.

पुढच्या महिन्यात पेन्शन जमा झाली, मालकांनी ती काढली आणि पासबुक कसं स्वच्छ आहे ते मला दाखवून गेले. त्यानंतर काही दिवसांनी, मी शाळेला निघालो असताना, त्यांचा मुलगा फाटकात उभा दिसला. हातात पिशवी नव्हती. दाढी वाढलेली, शर्ट प्रवासाने चुरगळलेला. कडीला हात लावून तो नुसताच उभा होता. आत यायला घाबरत होता, हे मला जरा उशिरा समजलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "दादा हायेत ना?"

"बाजारात गेलेत. येतील इतक्यात," मी म्हणालो, आणि त्याने फाटकाच्या खांबाला डोकं टेकलं.

मग त्याने सांगितलं. आईच्या दिवसांत बँकेचा अर्ज भरताना मोबाईल नंबरचा रकाना होता. दादांकडे मोबाईल नव्हता म्हणून त्याने स्वतःचा नंबर लिहिला आणि दादांनी न वाचता सही केली. अबोला धरल्यावरही मेसेज येतच राहिले. "पेन्शन जमा झाली की मी फोन समोर घेऊन बसायचो. दुपारपर्यंत पैसे काढल्याचा मेसेज यायचा. म्हणजे दादा पायानं बँकेत गेले, रांगेत उभे राहिले, कुणाशी तरी भांडले. महिनाभर तेवढ्यावर चालायचं माझं. या महिन्यात जमा झाल्याचा बी न्हाई, काढल्याचा बी न्हाई. पेन्शनच बंद झाली म्हटल्यावर माणूस काय समजंल?"

"अरे, फोन तरी करायचास."

"फोनवर कुणी तेच सांगितलं असतं तर?"

तेवढ्यात भाजीची पिशवी हलवत मालक आले. मुलाला पाहून थबकले. चेहरा आधी कडक झाला.

"काहून आलास?"

"मेसेज आला न्हाई, दादा."

मालकांनी प्रश्न विचारला होता, आणि या खेपेला ते उत्तर संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. मुलगा अडखळत, पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, बाहेरच्या ओट्याच्या पायरीला हात लावून पाहिला आणि हळूच खाली बसले. माझी बायको दारात आली होती. तिने तोंडावर पदर घेतला. मुलगा त्यांच्याशेजारी बसला. मी शाळेला उशीर झाला असं पुटपुटत निघून गेलो, कारण मला तिथं रडायचं नव्हतं.

मुलाने त्यांना मोबाईल घेऊन देतो म्हटलं. "फोनवर बसून बोलावं लागतं, ती तकलीफ नको," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्याच बाईंसमोर त्यांनी बंद केलेली सोय पुन्हा सुरू केली, आणि नंबर कुणाचा ते मोठ्याने वाचून घेतलं.

पुढे माझी हिंगोलीला बदली झाली. एकदा वसमतला गेलो तेव्हा त्यांनी पासबुक माझ्यापुढे धरलं. पानंच्या पानं भरलेली. शनिवारी पन्नास रुपये काढले, सोमवारी पन्नास भरले. पुन्हा शनिवारी पन्नास. बाई वैतागून गेल्या असतील, मी म्हणालो.

"असू द्या. पोराला महिनाभर वाट पाहायला लागू न्हाई. हप्त्यातून दोनदा घंटी मारलेली बरी."

मी मुद्दामच त्या जुन्या नोंदीवर बोट ठेवलं. "आणि हा बिनतिकीट?"

ते थोडे थकले होते. केस पार पांढरे झाले होते, आणि एक हात कायम भिंतीवर असायचा. "तो आपल्या घरचा प्रवासी हाय, मास्तर. आमच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत बसू द्या त्याला."

मला पुढे बरंच विचारायचं होतं. पण त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा टकटक केलं आणि भिंतीचा आधार घेत घेत फाटकाबाहेर पडले. शनिवार होता, आणि बँक दुपारीच बंद व्हायची.