पहिल्या भागाचं कुलूप

मला घाईची सवय आहे, आणि कुणी ती दाखवून दिली की राग येतो. रांजणगावच्या आमच्या कंपनीत ते काम आप्पांकडे होतं. खुटबावच्या धनगराघरचे, दहावी झालेले, सोल्डरिंगच्या बेंचवर केस पिकलेले.

रंगावरून टोमॅटो निवडणारं यंत्र आम्ही बनवत होतो. कॅमेऱ्यामागे एफपीजीए, म्हणजे आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप. वीज गेली की ती सगळं विसरते. वीज आली की शेजारच्या फ्लॅश मेमरीतून वाचून पुन्हा कामाला लागते. फ्लॅशचे दोन भाग केले होते, पहिल्यात मूळ जोडणी, दुसऱ्यात नवी. नवी खराब निघाली तर चिप आपोआप मूळ जोडणीवर येते. आप्पांचं म्हणणं, पहिल्या भागाला बोर्डावरच सोल्डरचं कुलूप घाला, म्हणजे कुणाला पुसताच येणार नाही.

"इतकं वेंधळं कोण असतं, आप्पा?" म्हणून मी ते उडवून लावलं.

वेंधळी मीच निघाले. खुटबावात बायकांच्या एका गटाची टोमॅटोची शेड आहे. तिथल्या यंत्राला अर्धे लाल टोमॅटो वेगळे काढायला शिकवायचं होतं, म्हणून आम्ही दोघं गेलो. लांबच्या बाजाराची गाडी संध्याकाळी सहाला सुटणार होती. गटाची ही पहिलीच मोठी ऑर्डर. ती चुकली तर खरेदीदार पुन्हा फिरकला नसता. मी लॅपटॉप जोडला आणि घाईत 'आधी सगळं पुसा' निवडलं. स्क्रीनवर पिवळी सूचना आली, ती न वाचताच ओके दाबलं. काम निम्म्यावर आलं आणि शेडमधले पंखे थांबले.

"मॅडम, आज सोमवार न्हवं का," गटाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या. "लायटीची पाळी बदलली की. आता थ्री-फेज रातच्यालाच."

मी गेल्या आठवड्याचीच वेळ धरून बसले होते. जुनं पुसलेलं, नवं अर्धवट, चिपला वाचायला काहीच उरलेलं नाही. बायका जनरेटर चालू करायला धावल्या. त्यांना थांबवून खरं सांगायचं धाडसही मला झालं नाही.

जनरेटर धडधडला. यंत्रावरचा हिरवा दिवा लागला आणि पट्टा सरकायला लागला. मूळ जोडणी जशीच्या तशी होती. मी वेड्यासारखी बघत राहिले.

आप्पांनी यंत्राचं झाकण उघडलं. बोर्डावर ज्वारीच्या दाण्याएवढा सोल्डरचा ठिपका होता, आमच्या ड्रॉइंगमध्ये नसलेला.

"कुलूप म्या घातलंय," ते म्हणाले. "समद्या बोर्डांना. तुमाला न इचारता. चिडा आता."

चिडणार कुणावर? मला स्वतःची लाज वाटत होती, आणि या माणसाचं कौतुकही. त्यांनीच केबल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता नुसता दुसरा भाग भरा. सावकाश." या वेळी मी प्रत्येक ओळ वाचून भरला. सहाची गाडी सगळे क्रेट घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत मी कुलपासकट नवं ड्रॉइंग काढलं. 'डिझाइन' या रकान्यात आजवर फक्त माझी सही असायची. तो रकाना रिकामा ठेवून कागद आप्पांच्या बेंचवर नेला.

त्यांनी हात पँटला पुसले, खिशातून पेन काढलं आणि त्या रकान्यावर धरलं.

"सही मराठीत केली तर चालंल का?"