पहिली आलेल्या मुलीचा फोटो

गुणगौरव समारंभ म्हटलं की लोकांना भाषणं आठवतात. मला नारळ आठवतात. मी हातखंब्याच्या आतल्या बाजूला एका माध्यमिक शाळेत लिपिक आहे. दहावीचा निकाल लागला की शेंडीचे नारळ, शाली आणि गुलाबाची फुलं आणायचं काम माझ्याकडे येतं. पाहुण्यांच्या शाली जरा बऱ्या, पालकांच्या साध्या. ट्रॉफीवर नाव बरोबर कोरलं आहे का ते दुकानातच बघून घ्यायचं, कारण एकदा घरी आणली की दुकानदार ओळख दाखवत नाही. पहिल्या तीन मुलांच्या आई-वडिलांना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ द्यायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. मुलापेक्षा आई-बापाच्या डोळ्यांत जास्त पाणी येतं आणि पुढच्या वर्षी ते देणगी देतात. चांगली पद्धत आहे. मला कधी तिच्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या वर्षी शाळेत पहिली आलेली मुलगी आमच्याकडे आठवीत आली होती. आली तेव्हा दाखला नव्हता, मुंबईच्या शाळेचं ओळखपत्र तेवढं होतं. बरोबर आई होती आणि आईचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. दाखला का नाही, हे मला विचारावंच लागतं. आईने इकडेतिकडे बघितलं आणि ऑफिसचं दार लोटून घेतलं. नवऱ्याने हात मोडला होता. सातवीनंतर मुलीची शाळा बंद करून तिला आपल्या बहिणीकडे घरकामाला ठेवायचं त्याने ठरवलं होतं. माहेरी गेली असती तर दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहिला असता, म्हणून ती मावशीच्या गावी, म्हणजे आमच्या गावी आली. हे गाव त्याला माहीत नव्हतं.

"मॅडम, गावात सांगू नका," ती म्हणाली. "नवरा मुंबईला कामाला हाय, एवढंच सांगितलंय मी."

यात खोटं काही नव्हतं. आमच्या गावातल्या निम्म्या बायकांचे नवरे मुंबईला कामाला आहेत. कोणी जास्त विचारलं नाही.

दहावीच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी आई पुन्हा ऑफिसात आली. पेढे आणले होते, पण पुडा हातातच धरून उभी.

"मॅडम, फोटो नको. कुठंच नको."

मी सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांना जेवढं सांगायला हवं तेवढंच सांगितलं. सर समजूतदार आहेत. शाळेच्या फ्लेक्सवर त्यांनी नुसती नावं टाकायला लावली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या मुलांचे पालक कुरकुरले, पण तेवढ्यावर भागलं.

भागलं असं आम्हाला वाटलं. गावचं मुंबईला एक मंडळ आहे. गणपतीचा मांडव, देवळाची कमान, मुलांना वह्या, सगळं तेच बघतं. मंडळाचे अध्यक्ष उत्साही गृहस्थ. त्यांनी आपल्या मनाने फ्लेक्स छापला आणि तीन रस्ते मिळतात त्या हातखंबा तिठ्यावर लावला. निरोप समारंभाच्या दिवशी वर्गाचा ग्रुप फोटो काढला होता, त्यातून तिचं डोकं कापून मोठं केलं होतं. बाजूच्या मुलीचा खांदा तसाच राहिला होता. खाली शाळेचं नाव, गावाचं नाव, आईचं नाव. त्याखाली मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे गॉगल लावलेले फोटो.

आईने तो वडापच्या गाडीतून पाहिला. ती तिठ्यावर उतरली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या दाताने तोडायला लागली. पानवाल्याने मला फोन केला. मी स्कूटर घेऊन गेले. आम्ही दोघींनी फ्लेक्स उतरवला, गुंडाळला आणि स्कूटरवर पायाशी आडवा ठेवून मावशीच्या घरी आणला. मी अध्यक्षांना फोन लावला.

"अहो मॅडम, लाजताय कशाला? पोरीने गावाचं नाव काढलंय!"

"आईची इच्छा नाही."

"आता काय उपयोग? मी कालच सगळ्या ग्रुपवर टाकला. पाच तालुक्यांतून अंगठे आलेत."

मी फोन ठेवला. आईला ते सांगणं भाग होतं, मी सांगितलं.  फ्लेक्सची गुंडाळी तिने मावशीच्या पडवीत छापील बाजू आत ठेवून भिंतीला टेकवली.

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. ते मला आवडलं नाही. मग एका दुपारी ऑफिसच्या फोनवर एका पुरुषाने विचारलं, "तुमच्याकडे मुलांचा सत्कार कधी आहे हो?" आवाज मऊ, बोलणं अदबीचं. मी विचारलं, "आपण कोण?" तो म्हणाला, "पालक." मी म्हटलं, "कोणाचे?" तिकडून थोडं हसल्यासारखं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. तारीख मी सांगितली नाही, पण समारंभाची पत्रिका मंडळच छापतं, तारीख तिच्यावर होती आणि पत्रिकाही ग्रुपवर होती.

मी त्याच दिवशी मायलेकींना बोलावलं, दाखला आणि गुणपत्रिका आईच्या हातात ठेवली, रजिस्टरमध्ये तिची सही घेतली. एरवी हे सगळं आम्ही समारंभानंतर वाटतो. अकरावीचा ऑनलाईन फॉर्म मीच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून भरला होता. सायन्स, रत्नागिरी. म्हटलं, कार्यक्रमाला येऊ नका, बक्षीस मी घरी आणून देईन. आई लगेच तयार झाली. मुलगी झाली नाही.

"मी पहिली आलेय, मॅडम. मी येणार."

"आणि तो आला तर?"

"आला तर आला. सगळ्या गावासमोर काय करणार?"

मलाही तसंच वाटलं. सगळा गाव समोर असताना काय होणार?

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊस धरून होता. आमचं सभागृह म्हणजे वर पत्रे असलेली लांब खोली. पाऊस वाढला की माईकवरचंही ऐकू येत नाही, लोक नुसते टाळ्या वाजवतात. सूत्रसंचालन करणारा शिक्षक नवीन होता. त्याला मी बजावून ठेवलं होतं, "पहिल्या नंबरला फक्त आईला बोलाव. आईच. कळलं?" त्याने कागदावर आईच्या नावाखाली रेघ मारली.

तो माणूस मंडळाच्या अध्यक्षांबरोबर, त्यांच्याच गाडीतून आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, हातात पेढ्यांचा मोठा बॉक्स. मुंबईहून निघताना त्याने अध्यक्षांना गाठलं होतं आणि आपण गावच्या भाचीचा नवरा आहोत असं सांगितलं होतं. आमच्याकडे एवढं पुरतं. भाचीचा नवरा म्हणजे गावचा जावई, आणि जावयाला कोणी मागच्या बाकावर बसू देत नाही. त्याला पुढच्या रांगेत, पंख्याखाली, गादीच्या खुर्चीवर बसवलं. कोणीतरी पाणी आणून दिलं. एका म्हाताऱ्याने उठून त्याचा हात हातात घेतला.

"जावयबापू, पयल्यांदाच आलात! सासरा नसला तरी गाव हाय ना तुमचा."

"कामातून सवड मिळत नाही हो," तो म्हणाला. "पण पोरीचा सत्कार, म्हटलं, जायलाच पाहिजे."

आई बायकांच्या बाजूला बसली होती. तिने त्याला पाहिलं तेव्हा पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवले. डावा हात उजव्याखाली.

नवीन शिक्षकाने सांगितल्याप्रमाणे मुलीचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं. आई उठली. तेवढ्यात अध्यक्ष उभे राहिले.

"थांबा, थांबा! नुसत्या आईला काय बोलावताय? गावचा जावई मुंबईहून रजा टाकून आलाय. चला बापू, वर चला."

टाळ्या वाजल्या. मनापासून वाजल्या. एरवी चाकरमानी बाप समारंभाला येत नाही, फोनवर फोटो मागवतो. हा आला होता, याचं लोकांना कौतुक वाटलं. शिक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं, पण तोपर्यंत तो माणूस पायऱ्या चढला होता. पाहुण्यांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. आई पायरीपाशीच थांबली. शेवटी सरांनीच तिला हात दाखवून वर बोलावलं आणि स्वतः तिच्या बाजूला उभे राहिले. त्याहून जास्त त्यांना काही करता आलं नाही. सत्कार मध्येच थांबवायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही.

फोटोसाठी त्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. ती ट्रॉफी दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. हलली नाही.

मग मनोगत. पहिल्या क्रमांकाने दोन शब्द बोलायचे, हा ठरलेला भाग. तिने भाषण लिहिलं होतं, माझ्यासमोर ऑफिसात म्हणूनही दाखवलं होतं. शेवट असा होता की मी रत्नागिरीला सायन्सला प्रवेश घेऊन पुढे शिकणार आहे. ती माईकपाशी आली. तो तिच्या मागे हातभर अंतरावर नारळ घेऊन उभा होता.

तिने सरांचे आभार मानले, बाईंचे मानले, शिपाईकाकांचेही मानले. मग कागद न बघता म्हणाली, "पुढे मी चिपळूणला हॉस्टेलला राहून कॉमर्स करणार आहे."

माझ्या शेजारी विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. त्या एकदम पुढे झाल्या. "ही काय बोलतेय? हिला तर फिजिक्स..."

"बाई, गप्प बसा," मी म्हटलं.

त्या बसल्या. तिला शिकवणारा प्रत्येक शिक्षक तिथे होता आणि प्रत्येकाला ते खोटं आहे हे कळलं असणार. कोणीही तोंड उघडलं नाही. सर टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच वाजवायला लागले. पुढचं बक्षीस होतं आदर्श विद्यार्थिनीचं. तेही तिलाच होतं.

तिसऱ्या नंबरचा सत्कार चालू असताना, तो पुढच्या रांगेत म्हाताऱ्यांच्या गप्पांत अडकलेला बघून, मावशीचा रिक्षावाला पुतण्या मायलेकींना मागच्या दाराने घेऊन गेला. मावशीच्या घरीसुद्धा नाही, सरळ रत्नागिरीला.

समारंभ संपल्यावर तो ऑफिसात आला. शाल अजून अंगावर होती.

"मॅडम, दाखला घ्यायचा होता."

"दिलेला आहे."

"कोणाला?"

"आईने सही करून नेला."

"बाप असताना?"

"आमच्या रजिस्टरला पालक म्हणून आईचं नाव आहे."

"आता तुमच्याच शाळेने माझा सत्कार केला की. सगळ्या गावाने बघितलं." तो हसला. आवाज फोनवरचाच होता. "चिपळूणला कॉलेज कुठलं?"

"ऑनलाईन असतं. यादी लागल्याशिवाय कळत नाही."

"हरकत नाही. बघतो मी. कॉलेजं असून असून किती असणार?" त्याने नारळ माझ्या टेबलावर ठेवला. "हा राहू दे तुम्हाला. मुली हुशार झाल्या की बापाला फिरायला लागतं, नाही?"

संध्याकाळी तो मावशीच्या घरी गेला. पडवीत बसला, चहा प्याला, म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि एकट्यानेच परत गेला. नारळ मी पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला वापरला. अध्यक्षांना मात्र सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी बोलायचं ना हो मॅडम." आधी बोललं असतं तर तेही ग्रुपवर गेलं असतं, असं मी म्हटलं नाही.

मुलीला रत्नागिरीत सायन्सला प्रवेश मिळाला. आई भाट्येच्या बाजूला एका खाणावळीत पोळ्या लाटते. दोघी तिथेच मागच्या खोलीत राहतात. मावशीचं राहतं घर सुटलं ते सुटलंच. मावशीने तो फ्लेक्स पावसाळ्यात लाकडांवर घातलाय, छापील बाजू खाली करून. चिपळूणला आमच्या एका शिक्षकाचा भाऊ असतो. दिवाळीच्या आधी त्याने सांगितलं की पांढऱ्या शर्टातला एक माणूस कॉमर्स कॉलेजच्या फाटकासमोर मोबाईलवर एका मुलीचा फोटो दाखवून पोरांना विचारत होता. बाजूला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा दिसत होता म्हणे.

आमच्या शाळेत आता समारंभाच्या आधी मुलांनाच विचारतात, स्टेजवर तुमच्याबरोबर कोण हवं. सरांनीच तसं ठरवलं. मुंबईच्या मंडळींना ते फारसं पटलेलं नाही.

परवा ती ऑफिसात आली होती. जन्मतारखेच्या दाखल्याची प्रत हवी होती. वाढलीय, चष्मा लागलाय. प्रत काढताना मी विचारलं, अभ्यास कसा चाललाय.

"चौथी आले सहामाहीत."

"चौथी?"

"पहिल्या तिघींचे फोटो बोर्डावर लावतात, मॅडम. कॉलेजच्या पेजवर पण टाकतात. म्हणून मी एक प्रश्न सोडते."

मी शिक्का मारायची थांबले. "बारावीला असलं काही करू नकोस. तिथे एकेका मार्काला किंमत असते."

"मग पहिली आले तर?"

बाहेर शिपाई मधल्या सुट्टीची घंटा द्यायला निघाला होता. मी प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला. ती उत्तरासाठी थांबली होती. मी कागद तिला दिला आणि तिची एस.टी. कितीची आहे ते विचारलं.