दोनदा ओतलेला सिलिंडर

दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगराळ मुलखात वाफेवर चालणारं एक चिमुकलं इंजिन आहे आणि त्याचा डावा सिलिंडर आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला आहे. कुणाचीही ओळख झाली की पाच मिनिटांच्या आत मी हे सांगते. नवरा म्हणतो, "त्यांनी विचारलं तरी का?" अहो, न विचारता सांगावं असं आयुष्यात एकच काम हातून झालंय. ते सांगू नको तर काय करू?

आमचं काम पॅटर्नचं. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून काढायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षं सागवान तासून हेच केलं. पुण्यातली नोकरी सोडून मी त्यांच्या शेडमध्ये आले तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी मला वेड्यात काढलं.

इंजिनाच्या नव्या सिलिंडरचं काम आधी दोन मोठ्या कारखान्यांकडे जाऊन आलं होतं. एकाच नगासाठी कोण डोकं शिणवणार, म्हणून त्यांनी हात वर केले. मी आप्पांनाही न विचारता हो म्हणून बसले. तो सिलिंडर नीट बसला तर मी पॅटर्न करणारी ठरणार होते, नाहीतर जन्मभर पुण्याहून परत आलेली आप्पांची लेक.

तिकडच्या म्हाताऱ्या फिटरनं व्हिडिओ पाठवला आणि मी त्या इंजिनाच्या प्रेमातच पडले. दोन रुळांत जेमतेम अडीच फुटांचं अंतर. पाण्यासाठी मागं वेगळा डबा नाही. दोन्ही कुशींना लाल टाक्या आणि पुढे छोटंसं धुराडं. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन निघालेल्या ठेंगण्या बाईसारखं दिसत होतं. अशी दोनच इंजिनं त्या मार्गावर उरली होती. एक एकटंच गाडी ओढत होतं आणि हे सिलिंडर फुटल्यामुळे शेडमध्ये उभं होतं.

सिलिंडरचे जुने आराखडे हरवले होते. फिटरनं मापं घेतली आणि प्रत्येक मापाचा फोटो पाठवला. त्याची भाषा स्पॅनिश, माझी ही अशी. मधे फोनवरचं भाषांतर. मी श्रिंकेजची पट्टी काढली. लोखंड थंड होताना शंभराला एक या हिशेबानं आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्या पट्टीवरच्या खुणाच थोड्या लांब आखलेल्या असतात. महिनाभर खपून मी पॅटर्न केला. शेजारच्या फौंड्रीत सिलिंडर ओतला. कुठे भोक नाही, कुठे चीर नाही. हातोडीनं टकटक केलं तर देवळातल्या घंटेसारखा वाजला. मी सगळीकडे खव्याचा कुंदा वाटला, फोनवर स्टेटस ठेवलं, आणि लोक मुद्दाम वाकडी वाट करून सिलिंडर बघायला येऊ लागले.

रविवारी सकाळी आप्पा फिटरनं पाठवलेले मापांचे फोटो मोठे करून बघत बसले होते.

"ह्ये लोखंड हाय व्हय गं?"

"व्हय की. लाल रंग दिलाय. इंजिनच लाल हाय न्हवं त्यांचं."

"मग कोपऱ्यात मेण कशाला भरलंय? लोखंडाला कोण मेण भरतंय?"

मी त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. आतले कोपरे गोलसर करायला मेण भरतात ते लाकडी पॅटर्नला. तासून घ्यायच्या बाजूला लाल रंग देतात तोही पॅटर्नलाच. मी फिटरला विचारलं. त्याचं सरळ उत्तर आलं: फुटक्या सिलिंडरचे तुकडे झाले होते, म्हणून त्यानं कोठारात सापडलेला जुना पॅटर्न मोजला होता. त्या पॅटर्नमध्ये आकसण्याची वाढ आधीच धरलेली होती आणि तिच्यावर मी पुन्हा वाढ दिली होती. बोल्टची भोकं चार मिलिमीटर सरकली होती. रंग रोज हातानं देणारी मी, फोटोत तो ओळखू शकले नाही.

फौंड्रीच्या मालकानं समजूत घातली. "आक्का, लई मनाला लावून घेऊ नका. भोकं जरा लांबट करा, बसतंय. समुद्रापलीकडं कोण बघाय जातंय?" खरं सांगते, मोह झाला. बसलाही असता कसाबसा. पण वाफेच्या वाटा जुळल्या नसत्या आणि चढावर ते बिचारं इंजिन जन्मभर धापा टाकत राहिलं असतं. मी आप्पांकडे पाहिलं. ते पटाशीला धार लावत होते आणि मान वर करत नव्हते.

"आप्पा, घण कुठं हाय?"

खराब नग आमच्याकडे घणानं फोडून परत भट्टीत टाकतात. ते काम फौंड्रीतले गडी करतात, पण हा मी फोडला. भरदिवसा, कुंदा खाऊन गेलेल्या लोकांच्या देखत. पहिल्या घावानं फक्त हात झिणझिणले. चौथ्याला तो दुभंगला. रडायला येत होतं आणि स्वतःचा असा राग आला होता की आणखी दोन घाव जास्तीचेच घातले.

दुसऱ्या वेळी साध्या पट्टीनं पॅटर्न केला, त्या जुन्या पॅटर्नच्या मापाला माप. सिलिंडर ओतला, तासून घेतला, बोटीनं पाठवला. आणि वाट पाहिली. इतकी की फोन वाजला तरी दचकायचे.

व्हिडिओ आला तेव्हा आम्ही दोघंच शेडमध्ये होतो. ते ठेंगणं इंजिन दोन डबे घेऊन चढ चढत होतं. डाव्या बाजूचा दांडा सुतासारखा सरळ पुढे-मागे होत होता. फिटर त्याच्या बाजूनं धावत होता आणि ओरडून काहीतरी सांगत होता. फोननं मराठी केलं: एकही भोक घासावं लागलं नाही. मी शेडमध्ये उडीच मारली. चाळिशीच्या बाईनं मारू नये तशी मारली.

आप्पांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मी असतो तर पयला फोडला नसता."

"म्हंजे?"

"भोकं लांबट करून पाठीवला असता. लई वेळा पाठीवल्यात तसं."

चाळीस वर्षं ज्यांचं काम लोक नावाजत आले, ते हे माझ्या तोंडावर सांगत होते. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. मी त्यांच्या बाकावर जाऊन बसले आणि आम्ही तो व्हिडिओ चौथ्यांदा लावला.