चनमल्लप्पांची उदबत्ती

"आधी हुंगा, मग हात घाला."

चनमल्लप्पा अण्णांचं हे बोलणं अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडात ज्यानं ज्यानं गाडी आणली, त्यानं ऐकलेलं आहे. ट्रॅक्टर असो, रिक्षा असो, अण्णा एकदम पाना उचलत नाहीत. बॉनेट उघडतात, दोन्ही हात पाठीमागं बांधतात आणि वाकून वास घेतात. बाजारात एखादी जाणती म्हातारी खरबूज हुंगते ना, तसं.

वैरागजवळच्या खेड्यात विहिरीवरच्या डिझेल इंजिनांपाशी ते वाढले. शाळा चौथीला सुटली. पण काळा धूर म्हणजे तेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे पाणी शिरलंय, ही बाराखडी त्यांना शाळेच्या बाराखडीआधीच आली होती. आता वय अडुसष्ट. सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा करतात, कपाळी भस्माचे तीन पट्टे ओढतात आणि उरलेल्या उदबत्त्या शर्टाच्या खिशात खोचून शेडात येतात.

चेतना त्यांच्याकडे आली तो मंगळवार होता. तिच्या गाडीच्या नोंदणीची मुदत शुक्रवारी संपत होती.

चेतना पाटबंधारे खात्यात कारकून. वय बावन्न. अकरा वर्षांपूर्वी तिनं पुण्याहून ही गाडी आणली, लाल, दोनच दारांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी बसकी. तेव्हा गल्लीत कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं. चेतना मात्र रविवारी काच खाली करून करमाळ्यापर्यंत जायची आणि सोमवारी ऑफिसात वेगळीच बाई होऊन बसायची. आता गाडीला वीस वर्षं झाली होती. धुराची चाचणी पास झाल्याशिवाय नोंदणी पुढं वाढत नाही, आणि नोंदणी नाही तर गाडी रस्त्यावर आणायची नाही. भावानं तर भंगारवाल्याचा नंबरसुद्धा पाठवला होता.

चाचणी केंद्रावरच्या शिवूनं तीनदा नळी लावली, तिन्हीदा गाडी नापास. विषारी वायू अर्ध्या टक्क्याच्या आत हवा, तिथं मशीन दोन पूर्णांक आठ दाखवत होतं. एका मोठ्या गॅरेजवाल्यानं लॅपटॉप लावला, प्लग बदलले, एक्झॉस्टच्या पाइपातला सेन्सर बदलला, आणि शेवटी सांगितलं की धूर साफ करणारा डबाच नवा घाला, बाहेरून मागवावा लागेल, महिना जाईल.

"महिना कुठला, अण्णा? माझ्याकडं तीन दिवस आहेत," चेतना म्हणाली.

"गाडी चालू ठिवा आन् तुमी जरा गप ऱ्हावा, ताई," अण्णा म्हणाले.

त्यांनी मागं जाऊन धूर हुंगला. "पेट्रोल लई पितीय." मग पुढं आले, बॉनेटखाली वाकले, आणि वाकलेलेच राहिले. कपाळावरचे पट्टे आक्रसले.

"तो पंखा बंद करा."

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. पंखा थांबला तसा शेडाचा तवा झाला. अण्णांनी कुठं पेट्रोल झिरपत नाही ना, ते नळीनळीवर बोट फिरवून पाहिलं, आणि खिशातली उदबत्ती काढून पेटवली. चेतनाला वाटलं, हात टेकले की देवच आठवायचा.

"अण्णा, पूजा नंतर करा हो. आधी गाडी बघा."

"गाडीच बघतोय की."

इंजिनाच्या कुशीला, जिथून जळका वायू बाहेर पडतो तिथं, लोखंडाचा ओतीव नळ असतो. त्यावर उष्णता अडवायला पत्र्याचं झाकण होतं. ते आजवर कुणी खोललं नव्हतं. अण्णांनी चार बोल्ट काढून ते बाजूला ठेवलं आणि उदबत्ती नळाच्या कडेनं मुंगीच्या चालीनं नेली. धुराची रेघ सरळ वर जात होती. एका जागी ती थरथरली, वाकली, आणि नळाकडं ओढली गेली. उदबत्ती मागं घेतली की रेघ सरळ. पुढं नेली की पुन्हा आत. तिथं केसाएवढी भेग होती, सेन्सरच्या वीतभर अलीकडं.

"सापडली," अण्णा म्हणाले. आवाज चढला नाही, उतरला नाही.

"पण भेगेतून धूर बाहेर जाईल. गाडी पेट्रोल का जास्त पिईल?"

अण्णा उलट्या ठेवलेल्या टायरवर बसले. "आमची कारभारीण सुंदरम्मा आमटी चाखती. समजा तिच्या पळीत कुणी गुपचूप पाणी वतलं. तिला काय वाटंल?"

"अळणी झाली."

"मग ती आख्ख्या पातेल्यात मीठ घालंल की न्हाय? तसं झालंय. भेगेतनं बाहीरची हवा आत शिरती. सेन्सरला वाटतं, हवा लई झाली, पेट्रोल कमी पडतंय. तो सांगतो, वता अजून. त्या गॅरेजवाल्यानं सुंदरम्माची जीभ बदलली. पळीत पाणी कुटनं येतं, ते न्हाय बघितलं."

चेतना हसली. मग अण्णांनी भेगेच्या कडेला चिकटलेला काळसर थर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं खरवडला आणि तिच्या नाकाशी धरला.

"कशाचा वास?"

तिनं हुंगलं. जळक्या धुराच्या आडून एक ओळखीचा, गोडसर करपट वास आला. तिचा चेहरा उतरला.

"खोबऱ्याचा?"

"नारळाच्या पाण्याचा. खंडेनवमीला फोडला असंल."

अजून पंधरवडा झाला नव्हता. त्या दिवशी ती करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला जाऊन आली होती. घराच्या दारात येऊन गाडी थांबवली, तापल्या इंजिनावरच बॉनेट उघडलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचं गार पाणी इंजिनावर शिंपडलं. अकरा वर्षं ती असंच करत आली होती. सगळ्यांची पूजा बाहेरून होते, आपल्या गाडीची काळजापासून व्हावी, असं तिला वाटायचं.

"मीच फोडला म्हणायचा तो नळ," ती म्हणाली.

"झाकणाच्या फटीतनं पाणी आत गेलं. तापल्या तव्यावर पाणी मारलं की तवा तडकतो. देवीचा काय राग न्हाय, ताई. फुडल्या साली नारळ फोडा, पन पाणी तुमी प्या."

बुधवारी अण्णांनी नळ काढून भट्टीत लालसर होईपर्यंत तापवला, ओतीव लोखंडाला लागते ती वेल्डिंगची खास कांडी वापरून भेग सांधली, आणि हळूहळू निवावा म्हणून तो तसाच गरम राखेत पुरून टाकला. गुरुवारी सकाळी चेतना दारात हजर. राखेच्या ढिगाला हात लावून म्हणाली, "वरून गार लागतंय. बसवू या का आज?"

"न्हाय."

"उद्याच शेवटचा दिवस आहे, अण्णा."

"म्हायती हाय. घाईनंच तडकलाय तो. परत घाई केली तर परत तडकंल. उद्या उजाडता या."

तिला त्या रात्री झोप लागली नाही. अण्णांना लागली.

शुक्रवारी सकाळी नळ बसला. अण्णांनी उदबत्ती पुन्हा कडेकडेनं फिरवली. धुराची रेघ कुठं वाकली नाही. मग चेतना गाडीनं आणि अण्णा मागून रिक्षानं चाचणी केंद्रावर गेले. शिवूनं गाडी ओळखली आणि नळी उचलतानाच म्हणाला, "मॅडम, पुन्हा आलात? मशीनलापण तुमची गाडी पाठ झालीय."

"लाव तू," चेतना म्हणाली.

आकडा आधी वर गेला. चेतनानं स्टेअरिंग घट्ट धरलं. मग तो उतरू लागला, एक, अर्धा, आणि शून्य पूर्णांक दोनवर येऊन बसला. शिवूनं नळी काढून पुन्हा लावली. तोच आकडा.

"डबा बदलला का?" त्यानं विचारलं.

"उदबत्ती लावली," चेतना म्हणाली. शिवूला ती चेष्टा वाटली.

कागद हातात घेऊन ती उतरली. "बसा अण्णा, आधी तुम्हाला शेडात सोडते, मग आरटीओत कागद देते."

"तुमी आधी कागद द्या जावा. मला एवढं खाली बसाय येतं, उठाय येत न्हाय."

त्यांनी खिसा चाचपला, उदबत्त्या नीट खोचल्या आणि ते रस्त्याला लागले. केंद्राच्या फाटकाशी एक रिक्षा निळा धूर सोडत रांगेत उभी होती. अण्णा तिच्यामागं थबकले, पाठीमागं हात बांधून किंचित वाकले, रिक्षावाल्याला काहीतरी बोलले आणि पुढं निघाले. रिक्षावाला रांग सोडून बाजूला झाला. शिवू नळी हातात धरून बघत राहिला. चेतनानं गाडी चालू केली होती, पण अण्णांचा पांढरा शर्ट वळणाआड जाईपर्यंत तिनं ती हलवली नाही.